गुटगुटीत होता, मग रक्त कसं कमी झालं?

हळदीकुंकवाला, ऑफिसात डबा खाताना, भांडुपच्या फलाटावर गाडीची वाट बघताना प्रश्न एकच: "खात्यापित्या घरातलं मूल, आई एवढी शिकलेली, मग ॲनिमिया कसा?" तीन वर्षं मी "झाला खरा" म्हणून विषय बदलत आले. आज सांगते.

आम्ही लेकाला उपाशी ठेवलं नव्हतं. दूध पाजलं. दिवसाला सव्वा लिटर.

तो नऊ महिन्यांचा असताना मी कामावर रुजू झाले आणि पिशवीतलं दूध सुरू झालं. पहाटेची बाटली मी द्यायचे, दिवसाच्या सासूबाई, रात्रीच्या दोन पुन्हा मी. वरणभाताच्या दुसऱ्या घासाला तो तोंड फिरवायचा. "निदान दूध तरी पोटात जातंय" असं रोज कुणीतरी म्हणायचंच. पोट दुधानेच भरलेलं असायचं म्हणून तो जेवत नव्हता, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पावसाळ्यात भिंतीचे पोपडे खायला लागला, तेव्हा कॅल्शियम कमी असेल म्हणून कॅल्शियमची बाटली आणली. माती, पोपडे खाणं हे लोह कमी असल्याचंही लक्षण असतं, आणि कॅल्शियम लोह शोषलं जाण्याच्या आड येतं. दोन्ही गोष्टी मला नंतर कळल्या.

तो दिवस रविवार होता. लेक दीड वर्षाचा. दिवाणावरून उतरताना घसरला, फार उंचावरून नाही. रडायला तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. तोंड तसंच उघडं, ओठ निळे, मग चेहरा पांढराफटक, आणि तो माझ्या हातात लोळागोळा झाला. सासूबाईंनी तोंडावर पाणी मारलं. शेजारचे काका दारातून ओरडले, "चप्पल हुंगवा, चप्पल!" मी त्याला पालथा करून पाठीवर मारत होते, काही अडकलंय समजून. सगळं मिळून मिनिटभराचंही नसेल. त्याने श्वास घेतला आणि लगेच झोपी गेला. ती झोप मला जास्त भीतीदायक वाटली. रिक्षात मी सारखी त्याच्या नाकाखाली बोट धरत होते.

डॉक्टर म्हणाल्या, ही फिट नाही. रडताना श्वास रोखला गेला, लहान मुलांत होतं, पण रक्त कमी असलेल्या मुलांत जास्त दिसतं. मग त्याची खालची पापणी ओढून बघितली. आत लाली नव्हतीच. "दूध किती पितो?" मी अभिमानाने सांगितलं, "दुधाला कधी नाही म्हणत नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं. रिपोर्टवर हिमोग्लोबिन ६.४. या वयात ११ च्या आसपास तरी हवं. थॅलॅसेमिया, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, नाही ना, हेही तपासलं. नव्हता.

मूल जन्माला येताना लोहाचा जो साठा आणतं, तो साधारण सहा महिने पुरतो. पुढे तो अन्नातून यायला हवा, आणि गाई-म्हशीच्या दुधात लोह नसल्यात जमा. हे मला माहीत नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगते. ते पूर्ण खरं नाही. आठव्या महिन्यात लोहाचे थेंब लिहून दिले होते. शी काळी झाली, दातांवर डाग दिसले, मी घाबरून पंधरा दिवसांत बंद केले. पालिकेच्या दवाखान्यातून मिळालेली सिरपची बाटलीही कपाटात तशीच राहिली. आठवड्यातून दोनदा एक मिली, एवढंच द्यायचं होतं.

तेव्हाच्या मला विचारावंसं वाटतं, एक फोन का नाही केलास? ती म्हणते, बाळ गुटगुटीत होतं, सगळे कौतुक करत होते, मी कशाला शंका घेऊ? तिचं पटतंही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं ॲनिमिक निघाली. म्हणजे ही एकट्या माझ्या घरातली गोष्ट नाही. तरी हा आकडा तोंडावर आला की मीच गप्प होते, कारण त्या ६८.९ मधल्या किती आयांच्या कपाटात औषध पडून होतं?

उपचार साधा होता. दूध दोन छोट्या कपांवर, बाटली बंद. पहिले चार दिवस घर रडण्याने दणाणून गेलं; प्रत्येक रडण्याला माझा जीव टांगलेला. थेंब दुधासोबत नाही, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत. जवळा, बांगडा, सासूबाईंच्या हातची कलेजी बारीक करून. हिमोग्लोबिन वर आल्यावरही औषध काही महिने चालूच ठेवलं. श्वास रोखणं हळूहळू थांबलं.

आता तो साडेचार वर्षांचा आहे. हिमोग्लोबिन १२.१. बोलायला मात्र उशिरा लागला. कोस्टा रिकात संशोधक बेट्सी लोझॉफ यांनी ज्या मुलांचा वर्षानुवर्षं माग ठेवला, त्यात तान्हेपणी लोहाची तीव्र कमतरता असलेली मुलं दहा वर्षांनंतरही चाचण्यांत मागे होती, हे मी एका रात्री वाचलं. डॉक्टर म्हणतात, काही मुलं उशिरा बोलतात, एका मुलाबद्दल असं सांगता येत नाही. मी मान डोलावते. शाळेतून आल्यावर तो आज काय काय झालं ते सांगायला लागतो, एखाद्या शब्दाशी अडतो, आणि मी तो शब्द सुचवत नाही. थांबते.