चार टक्क्यांतले आम्ही

एका प्रतीक्षागृहात समोर बसलेल्या अनोळखी गृहस्थांच्या हातात मला एकदा माझ्याच कुळातला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीवर चालणारा, फोन दिसला. मी माझा पिवळा फोन काही काम नसताना खिशातून काढला आणि त्यांना दिसेल असा धरला. त्यांनी पाहिले, चष्मा सारखा केला, ओळखीचे हसले आणि विचारले, ‘‘तुमचाही?’’

‘‘हो. तीन वर्षं झाली.’’

‘‘बँकेचं अ‍ॅप चालतं का हो त्यावर?’’

‘‘चालायचं. गेल्या महिन्यात बंद झालं.’’

‘‘माझ्या बँकेनं मुळात काढलंच नाही,’’ असे ते म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात तक्रारीपेक्षा समाधानच अधिक होते. एकाच आजाराचे दोन रुग्ण भेटले की औषधाआधी गप्पांनीच निम्मे बरे वाटते, तसे आमचे झाले. पुढची वीस मिनिटे आम्ही ज्या आपुलकीने बोललो, ती आपुलकी दोन आयफोनवाल्यांत किंवा दोन अँड्रॉइडवाल्यांत निर्माण होण्याचे कारणच नसते. ज्याच्यासारखे कोट्यवधी आहेत, त्याला स्वतःसारखा माणूस भेटल्याचे अप्रूप कसले? विंडोज फोन ऐन भरात होता तेव्हाही, म्हणजे २०१३ च्या सुमारास, जागतिक बाजारातला त्याचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास घुटमळत होता. त्या चार टक्क्यांतले आम्ही दोघे.

हा फोन बाजारात आला ऑक्टोबर २०१० मध्ये. आयफोन येऊन तोवर तीन वर्षे उलटली होती आणि अँड्रॉइडनेही चांगलाच जम बसवला होता. उशिरा आलेल्याने निदान मुकाट्याने मागच्या रांगेत बसावे, अशी अपेक्षा असते. मायक्रोसॉफ्टच्या कर्मचाऱ्यांनी मात्र फोन विक्रीला येण्याआधीच, सप्टेंबर २०१० मध्ये, रेडमंडच्या मुख्यालयाच्या आवारात आयफोन आणि ब्लॅकबेरी यांची चक्क अंत्ययात्रा काढली होती. ब्लॅकबेरीच्या बाबतीत ते भाकीत पुढे खरे ठरले, हे मान्य करायला हवे. पण ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनांची सेवा बंद झाली ती ४ जानेवारी २०२२ रोजी, आणि विंडोजच्या मोबाइल आवृत्तीचा आधार जानेवारी २०२० मध्येच संपला होता. ज्याची तिरडी बांधली, तो खांदेकऱ्यांपेक्षा दोन वर्षे अधिक जगला.

तरीही फोन हातात घेतला की त्याचे वेगळेपण तत्काळ जाणवत असे. इतर फोनांवर चिन्हांच्या रांगा शाळेतल्या कवायतीसारख्या उभ्या असत. इथे लहानमोठ्या, सपाट, एकरंगी टाइल होत्या आणि त्या जिवंत होत्या. हवामानाच्या टाइलवर तापमान, कॅलेंडरच्या टाइलवर पुढची भेट, संदेशांच्या टाइलवर न वाचलेल्यांचा आकडा. काहीही न उघडता नजर टाकावी आणि फोन परत खिशात ठेवावा, अशी ती योजना होती. अक्षरे मोठी आणि सडपातळ असत आणि त्यांच्याभोवती भरपूर मोकळी जागा असे. पानाचे शीर्षक उजव्या कडेला अर्धवट कापलेले दिसे. प्रथम पाहणाऱ्याला ती छपाईची चूक वाटे. आम्हाला मात्र ठाऊक होते की ते कापलेले अक्षर ‘पलीकडे आणखी आहे, बोट सरकवा’ एवढेच सांगत आहे. संपर्कांच्या यादीत एखाद्या अक्षरावर बोट टेकवले की सारी वर्णमाला चौकटी-चौकटींत पसरे आणि हव्या त्या अक्षरावर थेट उडी घेता येई. या साऱ्यांत माझी आवडती होती ती माणसांची टाइल. तिच्यात संपर्कातल्या लोकांचे चेहरे छोट्या छोट्या चौकोनांत बसवलेले असत आणि दर काही क्षणांनी त्यांतला एखादा चौकोन उलटून तिथे दुसराच चेहरा येई. कोणाची आठवण काढायची, हे जणू तो फोनच ठरवत असे. मी एकदोनदा निव्वळ चेहरा समोर आला म्हणून जुन्या मित्राला फोन केलेला आहे.

दोष नव्हते असे नाही. पहिल्या आवृत्तीत मजकूर एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी चिकटवण्याची साधी सोय नव्हती. ती मार्च २०११ मध्ये आली. अर्धवट सोडलेल्या अ‍ॅपकडे परतताना काळ्या पडद्यावर काही ठिपके डावीकडून उजवीकडे धावत राहत आणि ते किती वेळ धावतील हे तेच जाणोत. पण अल्पसंख्याकांच्या फोनचा एक गुण असा की त्याचे दोष मालक चारचौघांत कबूल करत नाही. कोणी ‘‘तुझ्यावर ते नाही का रे?’’ असे विचारले की मी ‘‘गरजच काय त्याची?’’ असे उत्तर देई, आणि घरी जाऊन स्टोअरमध्ये ते अ‍ॅप आले का ते पुन्हा तपासत असे. फोन विकत घेतला तेव्हा मी गिऱ्हाईक होतो. दोन वर्षांत माझा विनावेतन प्रचारक कधी झाला, ते मलाही कळले नाही.

अ‍ॅपचे दुखणे तसे सरळ होते. वापरणारे थोडे म्हणून अ‍ॅप करणारे येईनात, आणि अ‍ॅप नाहीत म्हणून वापरणारे वाढेनात. हे रहाट थांबवायला कोणी तरी तोट्यात जाऊन सुरुवात करावी लागते आणि तसा उदार माणूस बाजारात क्वचितच भेटतो. इन्स्टाग्राम आले ते नोव्हेंबर २०१३ मध्ये, तेही चाचणी आवृत्तीच्या रूपात. स्नॅपचॅट कधी आलेच नाही. मायक्रोसॉफ्टने स्वतः तयार केलेले यूट्यूबचे अ‍ॅप गूगलने २०१३ मध्ये रोखले. अशा काळात रुडी ह्युइन नावाच्या एका विकासकाने आम्हाला तगवले. इन्स्टाग्रामसाठी त्याने केलेले सिक्सटॅग अनेकांना मूळ अ‍ॅपपेक्षा उजवे वाटे. स्नॅपचॅटसाठीही त्याने असेच एक अ‍ॅप केले होते, पण डिसेंबर २०१४ मध्ये स्नॅपचॅटची अशी सगळी परकी अ‍ॅप स्टोअरमधून काढली गेली. मोठमोठ्या कंपन्या ज्या घराकडे फिरकत नव्हत्या, त्या घराची डागडुजी एक माणूस रात्री जागून करत होता, आणि त्याचे नवे अ‍ॅप आले की आम्हाला आप्तेष्टांपैकी कोणी परीक्षेत पहिले आल्याचा आनंद होत असे.

मात्र आमचा खरा घात स्टोअरच्या रिकाम्या फळ्यांनी केला, असे मला वाटत नाही; तो केला वारंवार पाटी पुसून श्रीगणेशा करण्याच्या सवयीने. २०१० मध्ये ही प्रणाली आली तेव्हा मायक्रोसॉफ्टच्याच जुन्या विंडोज मोबाइल प्रणालीची अ‍ॅप तिच्यावर चालली नाहीत. ठीक आहे, नव्या घरात जुने सामान नको, असे म्हणून आपण ते सोडून देऊ. पण जून २०१२ मध्ये विंडोज फोन ८ जाहीर झाला, त्याचा गाभाच बदललेला होता, आणि तोवर विकलेल्या एकाही फोनला तो मिळणार नव्हता. नोकियाचा लुमिया ९०० हा त्या घराण्याचा बडा फोन अमेरिकेत विक्रीला येऊन तेव्हा अडीच महिनेही झाले नव्हते. जुन्यांच्या समाधानासाठी पुढे ७.८ नावाची आवृत्ती आली. तिने टाइलचे आकार बदलता येऊ लागले, जवळजवळ एवढेच. मग आली विंडोज १० मोबाइल. विंडोज फोन ८ वर चालणाऱ्या लुमियांना ती मिळेल असे आधी सांगितले गेले होते. मार्च २०१६ मध्ये प्रत्यक्ष यादी आली, तेव्हा तिच्यात ९२० नव्हता आणि ४१ मेगापिक्सेलचा कॅमेरा असलेला १०२० सुद्धा नव्हता, ज्याच्या एकट्याच्या जिवावर आम्ही कितीतरी वाद जिंकले होते. प्रत्येक खेपेला वाऱ्यावर सुटला तो सर्वांत आधी विश्वास टाकणारा माणूस. कुंपणावर बसून वाट पाहणाऱ्याचे काहीच गेले नाही. निष्ठेची शिक्षा ज्येष्ठतेनुसार देण्याची ही पद्धत मी अन्यत्र पाहिलेली नाही.

नोकियाची कथा याच कथेत गुंतलेली आहे आणि ती एव्हाना सर्वांना पाठ आहे. पूर्वी मायक्रोसॉफ्टमध्येच असलेले स्टीफन एलॉप नोकियाचे प्रमुख झाले, फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना समुद्रातल्या पेटलेल्या तेलफलाटावरून जीव वाचवायला पाण्यात उडी घेणाऱ्या माणसाची गोष्ट सांगितली, आणि त्याच महिन्यात नोकियाने विंडोज फोनच्या पाण्यात उडी घेतली. २०१३ मध्ये तिचा फोनचा व्यवसाय मायक्रोसॉफ्टने ५.४४ अब्ज युरोंना घेण्याचे ठरवले, आणि जुलै २०१५ मध्ये त्यापोटी ७.६ अब्ज डॉलर हिशेबाच्या वहीतून पुसून टाकले. सोबत ७,८०० माणसांच्या नोकऱ्या गेल्या. या आकड्यांपुढे माझ्या बँकेच्या अ‍ॅपचे दुःख सांगताना थोडा संकोच होतो.

सप्टेंबर २०१७ मध्ये बिल गेट्स यांनी आपण आता अँड्रॉइड फोन वापरतो, असे सांगितले. पुढच्याच महिन्यात, या फोनची ओळख जगाला करून देणाऱ्या जो बेल्फिओरे यांनी नवी वैशिष्ट्ये आणि नवे फोन यांवर आता कंपनीचे लक्ष नाही, असे जाहीर केले. अ‍ॅप आणि फोन यांच्या वैविध्यासाठी आपणही दुसरीकडे गेलो आहोत, असे त्यांनी त्यातच प्रांजळपणे नमूद केले. यजमानच निघून गेले तरी बैठकीत बसून राहिलेल्या पाहुण्यासारखी आमची अवस्था झाली. तरी आम्ही बसलो. कोणी दिवे मालवेपर्यंत उठायचे नाही, असा तो हट्ट होता, आणि त्यात शहाणपणाचा अंश नव्हता हे मला तेव्हाही कळत होते. ३१ डिसेंबर २०१९ नंतर व्हॉट्सअ‍ॅप चालेनासे झाले आणि दिवे मालवले गेले.

आरंभीच्या जाहिरातींत हा फोन तुम्हाला फोनपासून वाचवील, असे सांगितले जाई. ते वचन त्याने अखेरच्या दोन वर्षांत अक्षरशः पाळले. एकेक अ‍ॅप गळत गेले तसतसे त्यावर करण्यासारखे काही उरेना. मी तो दिवसातून चारदा पाहत असे, आणि चारही वेळा घड्याळासाठी. नव्या फोनमध्ये सगळे आहे. बँक आहे, नकाशे आहेत, न मागता येणाऱ्या सूचनांची अखंड रीघ आहे. चिन्हांच्या रांगा तेवढ्या अजून कवायतीला उभ्या आहेत.

पिवळा फोन खणात आहे. परवा काही शोधताना तो हाती लागला, म्हणून चार्जरला लावला. बराच वेळ काही झाले नाही, मग पडदा उजळला. घड्याळ चुकीची वेळ दाखवत होते आणि हवामानाची टाइल कोरी होती. माणसांच्या टाइलला मात्र कोणाच्या सर्व्हरची गरज नसावी. एक चौकोन उलटला, मग त्याच्या शेजारचा उलटला. त्यातल्या दोघांचे नंबर आता बदलले आहेत, एक जण फोन उचलत नाही, आणि एक चेहरा त्या प्रतीक्षागृहातल्या गृहस्थांचा होता. निघताना आम्ही नंबर घेतले होते आणि आठवणीसाठी मी त्यांचा फोटोही काढला होता. मी तो नंबर नव्या फोनवर लावला. त्यांनी लगेच उचलला आणि माझे नाव सांगून होण्याआधीच विचारले, ‘‘तुमचा अजून सुरू होतो का हो?’’