दुसऱ्या बिंदूचा ताळा

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा म्हटल्यावर बऱ्याच गोष्टी आठवल्या. लिहावीशी वाटली ती मात्र एकच, १९८३ सालची, दहावीच्या वर्गातली.

परळची आपली शाळा तेव्हा गिरण्यांच्या गराड्यात होती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि भोंगे थांबले. वडील घरी बसले, आई पोळीभाजीचे डबे करू लागली. आलेखाचे कागद विकत घेणं जड जायचं. गणिताच्या बाई एक कागद चौघांत फाडून द्यायच्या आणि कोणाला का दिला हे कधी बोलून दाखवायच्या नाहीत.

त्या दिवशी बाईंनी दोन बिंदू दिले, (२, ३) आणि (६, ११). यांतून जाणाऱ्या रेषेचं समीकरण काढा. पुस्तकात द्विबिंदू रूपाचं सूत्र चौकटीत छापलेलं होतं, पण बाईंनी पुस्तक मिटायला लावलं. "चाळीचा जिना आठव," त्या म्हणाल्या. "पहिल्या बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत किती घरं पुढे गेलास? चार. किती वर? आठ. मग एक घर पुढे गेलास तर?" दोन घरं वर. म्हणजे (३, ५), (४, ७), (५, ९). जिन्याच्या कुठल्याही पायरीवर उभं राहिलं तरी चढ तोच, म्हणूनच ती रेषा सरळ. रेषेवर (क्ष, य) हा कुठलाही बिंदू घ्या, (२, ३) पासून तो जितकी घरं पुढे त्याच्या दुप्पट वर असणार. य − ३ = २(क्ष − २). म्हणजेच य = २क्ष − १.

"हे त्रैराशिकच आहे रे," असंही त्या म्हणाल्या. आलेखाचे अक्ष फ्रेंच गणितज्ञ देकार्तच्या नावाने ओळखले जातात, त्याचा ग्रंथ १६३७ चा. भास्कराचार्यांची लीलावती ११५० ची. चार घरांना आठ तर एका घराला किती, हा हिशेब आपल्याकडे तेव्हाही पाठ होता. गिरणगावातल्या मुलांना हे मुद्दाम सांगावं असं बाईंना का वाटलं, ते आता कळतं.

मग मला फळ्यावर बोलावलं. मी पुस्तकी पद्धतीनेच चढ काढायला गेलो. वर ११ − ३ लिहिलं आणि खाली क्रम उलटवून २ − ६. चढ आला उणे दोन, समीकरण य = −२क्ष + ७. बाई म्हणाल्या, ताळा कर. मी (२, ३) घातला. उणे चार अधिक सात, तीन. जुळलं! मी खडू ठेवला.

"अरे, ज्या बिंदूपासून निघालास तो जुळणारच. चढ कितीही चुकव, तो जुळेल. दुसरा घाल."

सहा घातले. उणे बारा अधिक सात, उणे पाच. हवे होते अकरा. फळ्यासमोर उभा राहून मी ते उणे पाच बराच वेळ बघत होतो.

त्याच तासाला बाईंनी (४, १) आणि (४, ७) दिले. इथे छेदात शून्य येतं, चढ सांगताच येत नाही. खिडकीबाहेर गिरणीची थंड पडलेली चिमणी होती, तिकडे बोट करून त्या म्हणाल्या, "तिला चढ नाही, समीकरण आहे. क्ष = ४."

पुढे माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि मलवाहिन्या टाकण्याच्या कामावर लागलो. मुंबईची जमीन सपाट, त्यात समुद्र लागून. इथे ढाळाचा सेंटिमीटर सेंटिमीटर मोलाचा असतो. बशीसारख्या खोलगट हिंदमाता चौकात पाणी का तुंबतं हे परळच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

१९९१ च्या मे महिन्यात उपनगरातल्या एका गल्लीत काम होतं. दोन मॅनहोल, मध्ये ३० मीटर. वरच्याचा इन्व्हर्ट, म्हणजे पाइपच्या आतल्या तळाची पातळी, २७.६० मीटर, खालच्याचा २७.४५. तीस मीटरला पंधरा सेंटिमीटर, म्हणजे दोनशेला एक ढाळ. बाईंच्या भाषेत य = २७.६० − ०.००५क्ष. मी खालचा आकडा उतरवून घेताना २७.५४ लिहिला. ढाळ झाला पाचशेला एक. मधल्या सगळ्या पातळ्या त्यावरून काढल्या, वरच्या मॅनहोलवर लेव्हल, म्हणजे पातळी मोजायची दुर्बीण, लावून तपासलं, अचूक जुळलं. पाइप बसले. शेवटचा पाइप खालच्या मॅनहोलला नऊ सेंटिमीटर वर येऊन थांबला, तेव्हा मुकादमाने हाक मारली. इतक्या कमी ढाळावर गाळ वाहून जात नाही, तळाला बसतो. रात्रभर पेट्रोमॅक्सच्या उजेडात पाइप उपसून पुन्हा टाकले. मजुरांच्या घामाची ती रात्र माझ्या एका आकड्यापायी गेली. खंदकाच्या काठावर मला फळ्यावरचं ते उणे पाच आठवत होतं. ताळा केला होता मी, पण जिथून निघालो तिथेच.

तेव्हापासून पातळ्यांच्या नोंदींचं लेव्हल बुक बंद करण्याआधी खालच्या टोकाला जातो, स्टाफ म्हणजे आकड्यांची उभी पट्टी धरायला लावतो आणि नकाशातला आकडा मोठ्याने वाचून घेतो. हाताखाली नवा मुलगा आला की पहिल्या दिवशी त्याला (२, ३) आणि (६, ११) देतो. समीकरण बहुतेकांना येतं. तो ताळा कुठल्या बिंदूवर करतो, तेवढं मी बघत उभा राहतो.