हनुवटीवरची पट्टी

त्या आल्या होत्या मुलाची किडलेली दाढ दाखवायला. मुलगा खुर्चीवर, त्या शेजारी उभ्या. दिवा सरकवताना झोत त्यांच्या तोंडावर पडला आणि हनुवटीवरची छोटी गोल पट्टी दिसली. "काय झालंय इथे?" "काही नाही डॉक्टर, फोड आहे. दीड वर्ष झालं. स्किनच्या डॉक्टरांची ट्रीटमेंट चालू आहे."

दीड वर्ष एकाच जागी फुटणारा, खपली धरणारा, पुन्हा फुटणारा फोड. अँटिबायोटिकचे पाच कोर्स झाले होते, मलमं किती झाली त्याची गणती नव्हती, दोनदा तर भूल देऊन कापूनही काढला होता. गोळ्या चालू असेपर्यंत सुकायचा, बंद झाल्या की पंधरा दिवसांत हजर. एवढ्या काळात एकानेही त्यांना "तोंड उघडा" म्हटलं नव्हतं, याचा मला राग आहे. दात दुखतोय का, असं विचारलं असतं तरी त्या नाहीच म्हणाल्या असत्या, हेही खरं. दुखायला दातातली नस जिवंत असावी लागते. ती मेली की दात गप्प होतो, आणि पुवाला बाहेर पडायला वाट मिळाली की ठणकाही लागत नाही.

मुलाचं काम उरकून त्यांना खुर्चीत बसवलं. पट्टीखाली मसुराएवढा लालसर उंचवटा होता, मधोमध खळगी, कडेला सुकलेला पिवळा पू. खालचा ओठ पुढे ओढून आतून बोट फिरवलं, तर फोडापासून हाडाकडे जाणारी दोरीसारखी ताठ नळी बोटाला लागली. पुढच्या दातांपैकी एकही किडलेला नव्हता. मधला उजवा तेवढा शेजाऱ्यापेक्षा किंचित करडा, तोही दिव्याखाली निरखून पाहिला तरच. गार स्प्रे मारलेला कापसाचा बोळा आजूबाजूच्या दातांना लावला की त्यांचा हात लगेच वर जायचा. या दाताला लावला आणि त्या माझ्याकडे बघत राहिल्या, लावायचा बाकी आहे असं समजून.

"या दाताला कधी मार लागला होता?" बराच वेळ आठवून म्हणाल्या, "नववीत सायकलवरून पडले होते. ओठ फुटला होता. दाताला काही झालं नव्हतं."

मग २५ नंबरचा गटापर्चा पॉइंट घेतला. रूट कॅनल भरायला वापरतो तीच बारीक, लवचिक काडी. एक्स-रेत ती पांढरी दिसते. फोडाच्या तोंडातून अलगद सरकवली, जोर न लावता, जाईल तिथपर्यंत जाऊ दिली. एक्स-रेत पांढरी रेघ वर चढत थेट त्या करड्या दाताच्या मुळाशी, टोकाभोवतीच्या काळ्या गोल सावलीत जाऊन थांबली होती. हनुवटीचा स्नायू हाडाला जिथे चिकटतो त्याच्या वर मुळाचं टोक असेल, तर पू तोंडात, हिरडीवर फुटतो. टोक खाली असेल, तर तो त्वचेतून बाहेर निघतो. यांचं मूळ लांब होतं. एक्स-रे त्यांना दाखवला, तेव्हा त्यांचा हात आपसूक हनुवटीकडे गेला.

खालच्या पुढच्या दाताला एकच कॅनल, म्हणजे मुळातली नसेची नळी, असेल असं धरून चालणं ही नेहमीची चूक. बऱ्याच जणांना जिभेच्या बाजूला दुसरा असतो, आणि तो राहिला की संसर्गही राहतो. म्हणून दाताचं भोक मागे जिभेकडे वाढवलं आणि ८ नंबरच्या फाइलने, म्हणजे कॅनल साफ करायच्या अगदी बारीक तारेने, चाचपत राहिलो. वीसेक मिनिटांनी फाइल अडकली, आणि पुढे गेली. दोन्ही कॅनल हायपोक्लोराइट या जंतुनाशक द्रावणाने धुतले, सुई टोकापासून दोन मिलिमीटर अलीकडे ठेवून, कारण ते द्रावण मुळापलीकडे गेलं तर भयंकर सूज येते. आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे जंतू मारणारं औषध भरलं आणि दात तात्पुरता बंद केला.

"गोळ्या?" त्यांनी विचारलं. म्हटलं, नाही. गोळी रक्तातून पोचते आणि मेलेल्या दातात रक्त जात नाही. पाच कोर्स वाया गेले ते त्यामुळेच. ताप नाही, पसरणारी सूज नाही, मग सहावा कशाला? चेहऱ्यावरून त्यांचा विश्वास बसलेला दिसत नव्हता.

दोन आठवड्यांनी आल्या त्या पट्टी न लावता. फोडाला मी हातही लावला नव्हता आणि तो मिटला होता, फक्त खळीसारखा खड्डा राहिला. कॅनल कायमचे भरले. सहा महिन्यांच्या एक्स-रेत काळ्या सावलीच्या जागी हाड भरत आलं होतं.

त्या पहिल्या संध्याकाळी त्यांचं जुनं कार्ड काढलं होतं. नऊ महिन्यांपूर्वी त्या माझ्याकडेच दात साफ करून गेल्या होत्या. माझ्याच अक्षरात लिहिलेलं, 'स्केलिंग केले. तक्रार नाही.' तेव्हाही हनुवटीवर पट्टी असणारच. तिच्यापासून चार बोटांवर माझा हात अर्धा तास चालू होता.

हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मीच बोलले नाही ना डॉक्टर, तुम्हाला कसं कळणार?" पण विचारायचं काम माझं होतं. आता आधी हनुवटी, जबडा, मान बाहेरून बघतो, हाताने चाचपतो, मगच तोंड उघडायला सांगतो. ते कार्ड अजून टेबलाच्या खणात आहे, परत फाइलला लावलेलं नाही.