टेप घेऊन शोरूममध्ये

आमची अकरा वर्षांची सेडान अजून ठणठणीत आहे. ठणठणीत नाहीत ते आईचे गुडघे. म्हार्दोळच्या देवळासमोर गाडी थांबली की आधी तिचा एक हात बाहेर येतो, मग काठी, मग ‘आगे मायगे’, आणि मग बऱ्याच वेळाने आई. मागे कदंब बस थांबलेली असते. ड्रायव्हर हॉर्न वाजवत नाही. गोव्यात अजून एवढं शिल्लक आहे.

फोंड्यात माझी औषधांची दोन दुकानं आहेत. गुडघ्याचं तेल, गुडघ्याचे पट्टे, कॅल्शियमच्या गोळ्या यांवर इतकी वर्षं प्रपंच चालला, तेव्हा गुडघ्यांचा पैसा गुडघ्यांवरच घालायला माझी ना नव्हती. बायको म्हणाली, “मग उंच गाडी घेऊया.” मुलगी पुण्याहून म्हणाली, “बाबा, एसयूव्ही नको, क्रॉसओव्हर बघा,” आणि अर्ध्या तासात तिने एक तक्ताच पाठवून दिला. तीन गाड्या, बावीस रकाने. बीएमडब्ल्यूची एक्स वन, मर्सिडीजची जीएलए, ऑडीची क्यू थ्री. मी नुसताच किमतीचा रकाना बघितला आणि चष्मा पुसून पुन्हा बघितला. पंचेचाळीस लाखांच्या आगेमागे, आणि तेही रस्त्यावर येण्याआधी.

क्रॉसओव्हर म्हणजे नक्की काय, हे मला आमच्या गॅरेजवाल्या मित्राने समजावलं. खरी एसयूव्ही जीपच्या घराण्यातली: खाली शिडीसारखी लोखंडी चौकट, तिच्यावर बॉडी बसवलेली. क्रॉसओव्हर दिसते तशीच रुबाबदार, पण चौकट आणि बॉडी एकजीव, म्हणजे आतून साधी मोटारगाडीच. टोयोटाने १९९४ मध्ये राव फोर आणली, आणि १९९७ च्या शेवटी कॅमरीच्या पायावर हॅरियर नावाची गाडी जपानात काढली (टाटांची हॅरियर पुष्कळ नंतरची, तिचा हिच्याशी संबंध नाही). पुढच्या वर्षी तीच लेक्सस आरएक्स म्हणून अमेरिकेत गेली आणि धो धो खपली. महागड्या क्रॉसओव्हरांच्या वंशाची ती पणजी म्हणायला हरकत नाही.

जाहिरातींत या गाड्या डोंगर चढतात, ओढे ओलांडतात. त्या खपल्या मात्र गुडघ्यांमुळे, असं माझं औषधवाल्याचं मत आहे. सेडानमध्ये माणूस खाली पडतो, जीपमध्ये वर चढतो. क्रॉसओव्हरची सीट बरोबर कमरेला येते: पाठ करायची, टेकायचं, पाय आत घ्यायचे. अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांनाही गुडघे असतातच की. पण ‘गुडघेदुखीवर रामबाण’ असं लिहून पंचेचाळीस लाखांची वस्तू कोण विकेल? म्हणून डोंगर.

आईला घेऊनच शोरूम बघायचे असं ठरलं. सुरुवात मर्सिडीजपासून, कारण आईला तो तारा ओळखीचा. हे शोरूममधल्या पोराला ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्याने अदबीने दार उघडलं आणि ‘आजी, ही मर्सिडीज’ अशी ओळख करून दिली. आई म्हणाली, “ठाऊक आहे. ह्यातून आम्ही नऊजणं लग्नाला गेलो होतो, फोंड्याहून मडगावला. टपावर ट्रंका होत्या.” पोर माझ्याकडे बघायला लागलं. खरं होतं ते. पोर्तुगीज अमदानीत परदेशी गाड्या गोव्यात सहज येत, आणि मुक्तीनंतरही कितीतरी वर्षं मर्सिडीज टॅक्स्या इथल्या रस्त्यांवर माणसं कोंबून धावत होत्या. बाकी देशाला जी गाडी सिनेमात दिसायची, तिच्यात आईला ओकारी झाली होती. तेव्हा ताऱ्याचा वचक आमच्या घरी जरा कमीच.

जीएलएत ती बसली, पण बसताना तिने मान वाकवली, आणि ते मला तक्त्यात टिपावंसं वाटलं. पोराने मग आतले दिवे लावून दाखवले. चौसष्ट रंग. विद्या चौदा, कला चौसष्ट, आणि आता दिवेही चौसष्ट. आईने जांभळा बघितला, निळा बघितला आणि म्हणाली, “पांढरा नाही का? चष्मा पडला तर दिसेल असा.”

परतताना गॅरेजवाल्याला फोन केला तर तो हसायलाच लागला. जीएलएचं पेट्रोल इंजिन १३३२ सीसीचं, रेनोबरोबर मिळून बनवलेलं. त्याचंच सख्खं भावंड २०२० मध्ये आपल्याकडे डस्टरमध्ये होतं. एक्स वनच्या पेट्रोल गाडीला तीनच सिलिंडर. “तीन तर मारुती आठशेलापण होते,” इति गॅरेजवाला. क्यू थ्रीला मात्र दोन लिटरचं इंजिन, १९० अश्वशक्ती, चारही चाकांना ताकद. कागदावर क्यू थ्री सरळ जिंकते. शिवाय ती जुळते छत्रपती संभाजीनगरला, जीएलए चाकणला, आणि एक्स वन चेन्नईला. मराठी बाणा दाखवायचा तर दोन पर्याय होते. पण फोंडा ते म्हार्दोळ या रस्त्यावर १९० घोडे सोडायचे कुठे? पहिल्या गतिरोधकापाशीच ते एकमेकांच्या अंगावर पडतील.

आणि तरीही खरं सांगायचं तर मला त्या गाड्या आवडल्या. तिन्ही. दार मिटतानाचा तो आवाज! आमच्या सेडानचं दार लागतं बिस्किटाच्या डब्याच्या झाकणासारखं. यांचं दार आजोबांच्या शिसवी पेटीसारखं मिटतं, मऊ आणि जड. मी एक्स वनचं दार चार वेळा लावून बघितलं. बायको म्हणाली, “पुरे आता, उघडं राहील.” बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत स्वतःचा श्वास ऐकू येत होता. दुकानासमोर ही गाडी उभी असेल तेव्हा रस्त्यापलीकडच्या दुकानवाल्याचा चेहरा कसा होईल, हाही विचार मनात आला. तो रकाना मुलीच्या तक्त्यात नव्हता, आणि मीही घालायला सांगितला नाही.

आईची खरी परीक्षा एक्स वनमध्येच झाली. तिने पाठ केली, टेकली, एक पाय, दुसरा पाय, आत. ‘आगे मायगे’ नाही. आम्ही तिघंही बघत राहिलो. आम्ही घरी कोकणी बोलतो, हिशेब आणि वर्तमानपत्र मराठीत. आईने निकाल कोकणीत दिला: “चडपाचेंय ना, देंवपाचेंय ना, फकत बसपाचें.” (चढायचंही नाही, उतरायचंही नाही, फक्त बसायचं.) साऱ्या जगातल्या जाहिरातवाल्यांना इतक्या वर्षांत जे सांगता आलं नाही ते तिने चार शब्दांत संपवलं. बीएमडब्ल्यूचं पोर खूश झालं, मी खूश झालो. तेवढ्यात आई हात फिरवून सीट चाचपत म्हणाली, “शेजारच्या बाबल्याची व्हॅगनआर अशीच ना रे?”

कोणीच काही बोललं नाही. व्हॅगनआर उंच आहे म्हणूनच तर विकली गेली, आणि तिची सीट कमरेलाच येते. पंचेचाळीस लाखांतून ती गाडी वजा केली तर बाकी उरते चौसष्ट दिवे, शिसवी पेटीचा आवाज आणि रस्त्यापलीकडचा चेहरा, अशी वजाबाकी डोक्यात सुरू झाली होती. ती मी घाईने बंद केली. काही वजाबाक्या शोरूममध्ये करायच्या नसतात.

पुढच्या खेपेला एक्स वन बघायला जाताना मी घरून टेप नेली. कारण चवथ. आमच्याकडे गणपती चित्रशाळेतून येतो, पाटासकट दोन फुटांच्या आत-बाहेर, आणि त्याच्याबरोबर माटोळीचं, म्हणजे देवाच्या डोक्यावर टांगायच्या फळांचं, सामान: केळ्यांचा अख्खा घड, सुपारीचे शिपटे, नारळ, चिबूड, आंबाडे, तोरंजन. डिकी किती, असं विचारलं तर पोर म्हणालं, पाचशेच्या आसपास लिटर. क्यू थ्रीवाल्याने ५३० सांगितलं होतं. लिटर! मी म्हटलं, दूध भरायचं आहे का? मागाहून कळलं की वीस सेंटीमीटर लांब, दहा रुंद, पाच जाड असे एकेक लिटरचे ठोकळे डिकीत रचून मोजतात. चिऱ्यांची भिंत रचावी तसे. पण केळीचा घड काही चिरा नव्हे. तो वाकडा, आणि मागची काच उतरती. मी डिकीत वाकून उंची मोजत होतो तेव्हा पोराने विचारलं, “सर, गोल्फ बॅग?” मी म्हटलं, “गणपती.”

मागून आईचा आवाज आला. “देव काय सामान आहे?”

बरोबर होतं. डिकीत माटोळी जाईल, देव नाही. आमच्याकडे तो नेहमी माझ्या मांडीवर येतो, पुढच्या सीटवर, बायको गाडी चालवते. पोर हुशार निघालं. म्हणालं, सर, मांडीवर काही धरून बसू नका, पुढे एअरबॅग आहे. आणि नुसती मूर्ती सीटवर ठेवलीत तर सीटला वजन कळतं, बेल्ट लावेपर्यंत गाडी ओरडत राहील. म्हणजे गणपतीला सीट बेल्ट. तीन टोकांचा हा पट्टा व्होल्वोच्या नील्स बोलिनने १९५९ मध्ये बनवला, खांद्यावरून छातीवर आणि मांडीवर. एकदंताच्या सोंडेवरून तो कसा न्यायचा, हे काही त्याने लिहून ठेवलेलं नसणार. बायकोने दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाली, “आधी बेल्ट लावून ठेवायचा, मग देव ठेवायचा.” तिच्यासारखी माणसं गाड्यांच्या कारखान्यांत असायला हवीत.

मग काचेचं छप्पर. तिन्ही गाड्यांची भुरळ तिथेच आहे म्हणे, बटण दाबलं की आभाळ. आमच्या आंगणात आभाळाच्या आधी माड लागतात. गाडी लावायला जी एकच जागा आहे तिच्यावर दोन माड वाकलेले, आणि नारळ पाडणारा पाडेली येईन म्हणतो त्या दिवशी कधी येत नाही. विम्यात नारळ बसतो का, असं मी विचारलं. पोराने ते लिहून घेतलं. त्याच्या वहीत त्या दिवशी आमच्या नावापुढे ‘गणपती, नारळ’ एवढंच असावं.

करांचा घोळ वेगळाच. पूर्वी अशा गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि वर सेस असायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सेस गेला आणि सरळ ४० टक्के झाले. विजेवरच्या गाडीवर मात्र पाचच. त्यामुळे एक्स वनची विजेवरची बहीण, लांबीने थोडी जास्त, पेट्रोलवालीच्या जवळपास किमतीला येऊन बसते. मुलगी तिच्याच मागे लागली होती. मी आईकडे बघितलं. आमच्याकडे पावसात कुठे माड आडवा झाला की रात्रभर समई. “मग गाडी समईवर चालेल का?” आई म्हणाली. मुलीने फोनवर बरंच समजावलं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “जेवलीस?”

शेवटी एका शनिवारी शोरूमचं पोर एक्स वन घेऊन घरी आलं. रस्त्यापासून आमच्या आंगणापर्यंत पाणंद आहे, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, त्यांच्यावर शेवाळ. आदल्या दिवशी मी ती मोजली होती: सगळ्यात अरुंद जागी सात फूट तीन इंच. तक्त्यात तिन्ही गाड्यांची रुंदी १ मीटर ८५ सेंटीमीटरच्या आगेमागे लिहिली होती आणि ते सहा फुटांच्या आसपास होतं, म्हणून मी निर्धास्त होतो. आरसे त्यात धरत नाहीत, हे मला पाणंदीत कळलं. ते धरले तर गाडी दोन मीटरच्या वर जाते.

आई मागे बसली होती, मी पुढे. आत शिरताच गाडी बोलायला लागली. डावीकडून टिंग, उजवीकडून टिंग, मग दोन्हीकडून मिळून एकच लांब सूर. पडद्यावर गडगे लाल झाले. पोराने बटण दाबून आरसे कानांसारखे मिटून घेतले आणि श्वास रोखून पुढे सरकलं. दोन्ही बाजूंना वीतभर जागा. दार उघडायचा प्रश्नच नव्हता. आईने खिडकी खाली केली आणि जाता जाता गडग्यावरची नेचीची पानं तोडून घेतली.

वळणावर समोरून बाबल्याची व्हॅगनआर आली. दोन्ही गाड्या थांबल्या. पोराचं बोट मागे जायच्या बटणाकडे गेलं आणि पडद्यावर आमची गाडी वरून दिसू लागली, लाल रेघांत अडकलेली. बाबल्याला घाई नव्हती. त्याने इंजिन बंद केलं, खिडकीतून डोकं बाहेर काढलं. आईनेही काढलं. दोघांची तोंडं अगदी समोरासमोर, एकाच उंचीवर.

“गो आजये, नवी?”

“बघायला आणलीय. माटोळीला कांगले मिळतील रे तुझ्याकडे?”