तिरफळाचं बिस्किट

वेंगुर्ल्याकडे समुद्राकाठी लहानसं रिसॉर्ट चालवणारे एक गृहस्थ आमच्या मालकांच्या ओळखीतले. खोल्यांमधून चहाबरोबर ठेवायला त्यांना स्वतःचं असं बिस्किट हवं होतं. खाल्ल्यावर कोकण आठवलं पाहिजे आणि आंबा-काजू अजिबात नको, एवढंच त्यांचं म्हणणं. ‘‘आंबा-काजू आता विमानतळावर पण मिळतं हो,’’ फोनवर ते म्हणाले, आणि हे काम घ्यायचं असं माझं तिथंच ठरलं.

आमची बेकरी कोल्हापुरात. खारी, टोस्ट, नानकटाई, जिरा बिस्किटं यांवर तिचं चालतं. नवा प्रकार बसवायचा असला की तो माझ्या टेबलावर येतो. वेगळ्या चवीचं काही करा म्हटलं की हल्ली बरेच जण डोळे मिटून दोन डबे उघडतात आणि त्यांची मोट बांधतात. मला ते पटत नाही. आपल्या आमटीत गूळ, आमसूल आणि गोडा मसाला सुखानं नांदतात. पंचामृतात चिंच, गूळ, मिरची, दाणे, तीळ असा सगळा गोतावळा असतो आणि त्याला कुणी प्रयोग म्हणत नाही. म्हणून मी जोडी शोधते ती जेवणाच्या ताटात. या वेळी ताट होतं बांगड्याच्या तिखल्याचं, म्हणजे तिखट आमटीचं: तिरफळ हा कोकणी मसाला, आमसूल, ओलं खोबरं. यातून बांगडा वजा केला तर उरलेलं बिस्किटात बसेल का, एवढाच प्रश्न.

भट्टीवरच्या मामांना तो प्रश्नच मान्य नव्हता. ‘‘ताई, त्रिफळ आमी चटणी कांडताना घालतोय. बिस्किटात कशाला ओ?’’ चटणी म्हणजे आमची कांदा-लसणाची, वर्षभराची. मामांचं खरं होतं. घाटावर तिरफळ मसाल्यात दडून जातं. कोकणात ते आमटीत पुढं येऊन बसतं, आणि मला ते पुढंच बसवायचं होतं.

चव ठरवायचा दिवस जुलैतला, पाऊस कोसळत होता. गृहस्थ आंबोलीमार्गे निघाले होते आणि दुपारी चारपर्यंत पोचणार होते, सोबत आईलाही घेऊन येतोय असा त्यांचा निरोप होता. सकाळी मी आणि माझ्या हाताखालची मुलगी तिरफळ निवडायला बसलो. वाळलेलं तिरफळ उकललेलं असतं आणि आत काळं कुळकुळीत, चकचकीत बी असतं. ते बी टाकायचं. दाताखाली कचकचतं आणि चवीला काही देत नाही. सगळा जीव टरफलात. मुलगी सांगलीकडची, तिनं हे पहिल्यांदाच हातात घेतलं होतं. एक टरफल चघळून म्हणाली, ‘‘लिंबासारखं लागतंय.’’ मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळानं तिचा हात ओठाकडे गेला. ‘‘मॅडम, ओठ झोपले.’’

सगळी गंमत याच उशिरात आहे, आणि डोकेदुखीही. तिरफळ हे चिनी स्वयंपाकातल्या सिचुआन मिरीचं भावंड, एकाच कुळातलं. या मंडळींमध्ये सॅनशूल नावाचं द्रव्य असतं. ते तिखट नसतं. स्पर्श ओळखणाऱ्या नसांना डिवचतं, म्हणून ओठ-जीभ झिणझिणते. लंडनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये सिचुआन मिरी लोकांच्या ओठांना लावून ही झिणझिण मोजली, तर ती सेकंदाला साधारण ५० कंपनांइतकी जाणवत होती. खाताना मात्र हिशेब वेगळाच: पहिलं बिस्किट खाणारा म्हणतो, ‘छे, काहीच नाही,’ दुसरं उचलतो, आणि पहिल्याचा परिणाम दुसऱ्यावर येऊन बसतो. त्यामुळे तिरफळाचं प्रमाण कधीही पहिल्या बिस्किटावर ठरवायचं नाही. आणि दोन-तीन नमुने खाल्ल्यावर जीभ साक्षीला उपयोगाची राहत नाही, मधे अर्धा तास गप्प बसावं लागतं. त्या दिवशी मी तेवढ्या वेळात खारीचे हिशेब उरकले.

तिरफळाची पूड थेट मैद्यात घातली की वास भट्टीच्या धुराड्यातून रस्त्यावर जातो आणि आत उरतो तो नुसता कडसरपणा. कोकणातल्या बायका तिरफळ ठेचून आमटीत शेवटी घालतात, उगीच नाही. मी मग तुपाचा रस्ता धरला. झिणझिण आणणारं द्रव्य तुपात उतरतं. तूप वितळवून ते हाताला चांगलं गरम लागेल इतपत निवू दिलं, त्यात भरड तिरफळ टाकलं, झाकून तासभर ठेवलं, गाळलं आणि थिजवलं. मग बाकीचं नानकटाईसारखंच: लोणी, हे तूप आणि पिठीसाखर पांढरं होईपर्यंत फेसायचं. ५०० ग्रॅम पिठाला २५० ग्रॅम लोणी, ७५ ग्रॅम तूप, १७० ग्रॅम पिठीसाखर, ४ ग्रॅम तिरफळ. पिठात मैदा ३५०, नाचणी १०० आणि तांदळाची पिठी ५०, ती खुसखुशीतपणासाठी. गूळ मुद्दाम टाळला. गूळ हवेतलं पाणी ओढतो आणि वेंगुर्ल्याच्या पावसाळ्यात गुळाचं बिस्किट डबा उघडल्यावर बघता बघता सादळतं.

आता आमसूल. गृहस्थांना बिस्किट सोलकढीसारखं गुलाबी हवं होतं. आमच्या रोजच्या पिठात सोडा असतो. मुलीचं म्हणणं, कोकमाचं आगळ, म्हणजे रस, ओतू या, रंगही येईल आणि चवही. मी तिला एका ग्लासात आगळ आणि पाणी घ्यायला सांगितलं आणि वर चिमूटभर सोडा टाकला. फसफसून फेस आला आणि तो लालबुंद रंग बघता बघता जांभळट, मग राखाडीकडे झुकला. हळदीत चुना कालवला की कुंकू होतं ना, तसलाच हा प्रकार, फक्त उलट्या नशिबाचा. कोकमाचा रंग आंबटात लाल राहतो. सोड्यानं आंबटपणा मेला की रंगही जातो. शिवाय आगळ म्हणजे पाणी, आणि पाणी पडलं की मैदा चिवट होतो. त्या ग्लासाकडे बघून मामा म्हणाले, ‘‘हे असलं बिस्किट आमच्या दारात म्हस पण खायची न्हाई.’’

तेव्हा सोडा काढून टाकला आणि कोकम पिठात न घालता दोन बिस्किटांच्या मधे क्रीममध्ये घालायचं ठरवलं होतं. आमसुलं अगदी मंद आचेवर कडक वाळवून पूड केली. बाजारातल्या आमसुलाला मीठ लावलेलं असतं, म्हणून पिठातलं मीठ ४ ग्रॅमवर आणलं. क्रीमला साधं लोणी चाललं नसतं, त्यात पाणी असतं आणि उन्हाळ्यात ते वितळून बिस्किटं एकमेकांवरून घसरतील. इथं कोकमच कामाला आलं. कोकमाच्या बियांचं तेल, कुणी भिरंडेल म्हणतं, कुणी मुठेल, थंडीत भेगांना लावायला घराघरांत असायचं. ते शुद्ध केलेलं खायलाही चालतं, मिठाई-चॉकलेटवाले वापरतात. चॉकलेटमधलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, हे चाळिशीच्या जवळ. एप्रिलच्या उकाड्यातही जागचं हलणार नाही. पण मग तोंडातही हलत नाही, टाळूला मेण चिकटल्यासारखं होतं. चार भागांना एक भाग खोबरेल घातलं, तेव्हा कुठं ते जिभेवर सुटायला लागलं. त्यात पिठीसाखर, नारळाच्या दुधाची पावडर आणि आमसुलाची पूड. पाण्याचा थेंब नाही, सोडा नाही. रंग टिकला, सुंदर फिकट गुलाबी.

१६० अंशांना चौदा मिनिटं. दुपारचा घाणा निघाला तेव्हा सगळ्या बेकरीत लिंबाच्या सालीसारखा आणि तुपाचा असा मिसळलेला वास होता. मामा काही बोलले नाहीत, पण कडेला फुटलेलं एक त्यांनी उचललं.

पाहुणे पाचला आले, आंबोलीत धुकं होतं म्हणून. मालकांच्या केबिनमध्ये चहा आणि ताटलीत बिस्किटं. गृहस्थांनी एक खाल्लं. ‘‘छान आहे. आंबट-गोड मस्त जमलंय. पण तिरफळ कुठं आहे?’’ असं म्हणत दुसरं उचललं आणि पावसात रस्त्यांची काय दशा झालीय ते सांगायला लागले. बोलता बोलता मधेच थांबले. ओठांवर जीभ फिरवली. मालकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ‘‘मला काहीतरी होतंय.’’

त्यांच्या आईंनी तोवर शांतपणे अर्धंच खाल्लं होतं. ‘‘अरे, तुका काय होवक नाय. ह्यात तिरफळ आसा मां?’’ आणि मला म्हणाल्या, ‘‘मीठ कमी आसा. आणि नारळाची ही पावडर कित्याक? खोबरां भाजून घाल.’’ भिरंडेल घातलंय म्हटल्यावर मात्र त्यांनी बिस्किट उलटं करून बघितलं. ‘‘ह्या आमी टाचांक लावतंव गो.’’ खायचं वेगळं येतं म्हणून मी डबा आणून दाखवला. त्यांनी वास घेतला, बोटाला लावून चोळलं आणि उरलेलं अर्धं संपवलं.

मीठ आणि खोबऱ्याबद्दल त्यांचं म्हणणं सोळा आणे होतं. आमसुलाचं मीठ क्रीममध्ये होतं, बिस्किटाला त्याचा काय उपयोग? नंतरच्या घाण्यात पिठातलं मीठ ६ ग्रॅम केलं आणि क्रीममध्ये पावडर निम्मी करून सुकं खोबरं भाजून बारीक वाटून घातलं. क्रीम जरा तपकिरी झालं, गृहस्थांचा गुलाबी रंग थोडा उतरला. चव मात्र जिथं जायला हवी होती तिथं पोचली.

खरा वाद रंगाचा झालाच नाही, झाला तो भीतीचा. गृहस्थ म्हणाले, ‘‘मुंबई-दिल्लीचा पाहुणा खोलीत एकटा बसून हे खाईल, ओठ बधिर होतील, आणि तो अ‍ॅलर्जी झाली म्हणून रात्री मला डॉक्टरकडे पळवील.’’ मालकांचं मत पडलं की तिरफळ निम्मं करू. मी नाही म्हटलं. निम्म्या तिरफळाला नुसताच साबणासारखा वास येतो, झिणझिण येतच नाही; मग ते घालायचंच कशाला? पाकिटावर घटकांच्या यादीत तिरफळ लिहिलेलं असणारच, पण ती बारीक अक्षरं चहा पिताना कोण वाचतो? पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत सांगून टाकू, असं माझं म्हणणं. काय सांगायचं यावर मग अर्धा तास गेला. मालकांचा मसुदा औषधाच्या बाटलीवर शोभला असता. शेवटी गृहस्थांच्या आईच म्हणाल्या, ‘‘लिही, जीब जरा झिणझिणतली, घाबरू नकात.’’ तेच छापलं, मालवणीतच, आणि खाली हिंदी-इंग्रजीत त्याचा अर्थ.

रिसॉर्टला आता दोन पाकिटं जातात. एक हे, आणि दुसरं बिनतिरफळाचं, नुसतं कोकम-खोबऱ्याचं, लहान मुलं असलेल्या कुटुंबांसाठी म्हणून त्यांनी नंतर मागवलेलं. खपतं ते दुसरंच जास्त. तिरफळाचं बंद करू या का, असं मालक अधूनमधून विचारतात. मी अजून हो म्हटलेलं नाही.