युरोपची शेती सबसिडी कधी बदलणार? माझी पैज २०२९ वर

इंदुरात बसून युरोपच्या शेती सबसिडीवर कशाला लिहायचं, हे घरात विचारून झालंय. तर सांगतो. मी डीओसीच्या, म्हणजे सोयाबीनचं तेल काढून उरलेल्या पेंडीच्या एक्सपोर्टमध्ये काम करतो. आपली सोयाबीन नॉन-जीएम, त्यामुळे जर्मनी-फ्रान्सकडचे काही पशुखाद्यवाले चार पैसे जास्त देऊन आपला माल घेतात, आणि त्यांच्याकडे काय शिजतंय याच्यावर आमचं सीझनचं गणित थोडंफार अवलंबून असतं.

मुळात तिकडच्या कोंबड्या-डुकरं एवढी सोया खायला लागली ती त्यांच्या पॉलिसीमुळेच. १९६२ मध्ये, आजच्या युरोपियन युनियनची सुरुवात केलेल्या सहा देशांनी मिळून कॉमन अॅग्रिकल्चरल पॉलिसी सुरू केली, तिला सगळे कॅपच म्हणतात. गहू, मका बाहेरून आला की त्याच्यावर भरमसाट लेव्ही, घरच्या शेतकऱ्याला चढा भाव, आणि भाव पडला तर सरकार उचलणार. पण त्याच सुमारास गॅटच्या, म्हणजे डब्ल्यूटीओच्या आधीच्या जागतिक व्यापार कराराच्या, डिलन राउंडमध्ये (वाटाघाटींच्या फेरीत) तेलबिया आणि पेंड बिनाड्यूटी येऊ देऊ असं अमेरिकेला कबूल करून बसले. घरचं धान्य महाग आणि बाहेरची सोया स्वस्त, मग पशुखाद्यवाला काय करणार? तटबंदीत स्वतःच ठेवलेलं ते भोक आजपर्यंत बुजलेलं नाही.

आता मुद्द्यावर. ही पॉलिसी सुधारली पाहिजे असं युरोपात कोण म्हणत नाही? न खपलेल्या लोण्याचे डोंगर आणि वाईनची तळी साचली होती, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅप एकटी त्यांच्या बजेटचा दोन तृतीयांश हिस्सा खात होती, तरी भावाच्या मुळाला हात लागला तो १९९२ मध्ये. तीस वर्षं! अधे मधे डागडुजी झाली, १९८४ ला दुधाचा कोटा वगैरे, पण मूळ यंत्र तसंच. १९९२ मध्ये काय असं वेगळं झालं? लोकांना अक्कल आली असं काही नाही. गॅटचा उरुग्वे राउंड शेतीवरच अडकून पडला होता, शिवाय तेलबियांवरून अमेरिकेशी वेगळंच भांडण पेटलं होतं, ते पुढे इतकं वाढलं की नोव्हेंबरात अमेरिकेने फ्रेंच व्हाईट वाईनवर २०० टक्के ड्यूटीची धमकी दिली. आयर्लंडचे रे मॅकशॅरी तेव्हा युरोपचे शेती कमिशनर, म्हणजे शेतीमंत्र्यासारखेच, त्यांनी त्याच वर्षी मे महिन्यात धान्याचा हमीभाव तीन वर्षांत साधारण तीस टक्क्यांनी उतरवायचं मान्य करून घेतलं होतं, आणि बदल्यात शेतकऱ्याला हेक्टरमागे चेक. भाव बाजारावर सोडा, नुकसान खात्यात टाका.

हे वाचलं की मला आमची मध्य प्रदेशची भावांतर योजना आठवते. इंदूरजवळच्या सांवेरला चुलतभाऊ शेती बघतो, दादा म्हणतो मी त्याला. गेल्या सीझनला, म्हणजे २०२५ च्या सोयाबीनला एमएसपी होता क्विंटलला ५३२८ आणि सरकारचा मॉडेल रेट (मंड्यांतला सरासरी भाव) निघाला ४००० च्या आसपास, मधला फरक खात्यात येणार. कागदावर छानच आहे. पण मंडीत ट्रॉली उभी राहते, व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, खालचा माल वर काढतो, एक दाणा दाताखाली फोडतो आणि "नमी है" म्हणून शे-दोनशे खालून बोली लावतो. आता मॉडेल रेटच्या खाली विकलं गेलं तर तो खालचा तोटा शेतकऱ्याचा, सरकार एमएसपी आणि मॉडेल रेट यांच्यातलाच फरक देतं. दादा म्हणाला, "अरे, चेक आपल्या नावावर येतो पण त्याची गोडी दुसराच चाखतो."

युरोपातही तेच, फक्त चाखणारा वेगळा. तिकडे पैसा हेक्टरवर मिळतो, म्हणून ज्याची जमीन जास्त त्याला जास्त, साधारण २० टक्के लोकांकडे ८० टक्के रक्कम जाते. आणि हेक्टरला पैसा चिकटला की जमिनीचं भाडं वाढतं, म्हणजे कसणाऱ्याच्या हातात आलेलं मालकाच्या खिशात. आपली पीएम-किसान त्या मानाने बरी म्हणायची, दोन बिघावाल्याला ६००० आणि पन्नास बिघावाल्यालाही ६०००, वर मध्य प्रदेश सरकारचे आणखी ६०००. बटाईने करणाऱ्याला मात्र दोन्हीकडून भोपळा, त्यावर एकदा वेगळं लिहायचंय.

तर टायमिंग. कॅपचा पैसा त्यांच्या सात वर्षांच्या बजेटमधून येतो, आताचं बजेट २०२१ ते २०२७. म्हणजे मोठा बदल करायचा असेल तर खिडकी सात वर्षांनी एकदा उघडते, एरवी फक्त भाषणं. आणि खिडकी उघडायच्या आधीच कोणीतरी कडी घालून ठेवतं. ऑक्टोबर २००२ मध्ये फ्रान्सचे शिराक आणि जर्मनीचे श्रोडर यांनी आपसात बसून ठरवलं की २०१३ पर्यंत या खर्चाला हात लावायचा नाही, आणि मग पुढच्या बजेटवर काय चर्चा व्हायची ती होवो. २००३ ला तेव्हाचे शेती कमिशनर फिशलर यांनी उत्पादनापासून पैसा तोडला, म्हणजे काही पिकवा नाहीतर नका पिकवू, चेक येणार. तो खरा मोठा बदल होता हे मान्य, पण रक्कम तीच राहिली. फ्रान्सने रक्कम टिकवली आणि पद्धत सोडली, असा तो सौदा होता.

आता जुलै २०२५ मध्ये युरोपियन कमिशनने, म्हणजे युनियनचा कारभार बघणाऱ्या मंडळाने, २०२८ ते २०३४ चा प्रस्ताव टेबलावर ठेवला. कॅपचं वेगळं खातं मोडून बाकीच्या प्रादेशिक फंडांबरोबर एकाच पिशवीत घालायचं, त्यातले साधारण ३०० अब्ज युरो शेतकऱ्यांसाठी राखून ठेवायचे, आणि एका शेतकऱ्याला वर्षाला १ लाख युरोच्या वर द्यायचं नाही. यातली वरची मर्यादा मला एकदम पटते. पण ही मर्यादा याआधीही प्रत्येक वेळी आली आणि प्रत्येक वेळी कौन्सिलमध्ये, म्हणजे सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या बैठकीत, पातळ झाली. ज्या देशांत मोठमोठी फार्म आहेत, जर्मनीचा पूर्व भाग, चेकिया, ते का मानतील?

बजेटला सत्तावीसच्या सत्तावीस देशांचा होकार लागतो, वर युरोपियन पार्लमेंटची मंजुरी. आणि होकार द्यायचाय कधी, तर २०२७ पर्यंत. एप्रिल २०२७ ला फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षाची निवडणूक, त्याच वर्षी पोलंड, स्पेन, इटलीतही निवडणुका. पॅरिसमध्ये कोण माई का लाल आपल्या शेतकऱ्याचा चेक छोटा करून मत मागायला जाईल? २०२४ च्या सुरुवातीला ट्रॅक्टर ब्रुसेल्समध्ये घुसले तर कमिशनने कीटकनाशकं निम्म्यावर आणायचा कायदा मागे घेतला, ४ टक्के जमीन पडीक ठेवायची अट काढली, १० हेक्टरच्या आतल्यांना तपासणी आणि दंडातून सूट दिली. डिसेंबर २०२५ ला पुन्हा ट्रॅक्टर आले आणि दक्षिण अमेरिकी देशांच्या मर्कोसुर गटाबरोबरच्या व्यापार करारावरची सही महिन्याभराने पुढे गेली. आपल्याकडे २०२० चे कृषी कायदे वर्षभराने मागे घ्यावे लागले ते आठवतंय ना, तिथे तर निम्मं काम ट्रॅक्टरचा नुसता आवाज ऐकूनच होतं.

काही लोक म्हणतात युक्रेन आत आला की सगळं बदलावंच लागेल, तिथली शेतजमीन फ्रान्सपेक्षाही जास्त. तर्क बरोबर आहे, पण २००४ ला पोलंड वगैरे आत आले तेव्हा काय केलं? त्यांना आधी २५ टक्केच दिले आणि २०१३ पर्यंत हळूहळू वाढवत नेलं. युक्रेनबरोबरही तसंच करतील, म्हणजे पद्धत बदलायची गरजच नाही. आणि १९९२ सारखा बाहेरचा हातोडा आता कुठे आहे? डब्ल्यूटीओचा दोहा राउंड तर केव्हाच थंड पडला.

म्हणून माझा अंदाज असा की आकडे २०२७ च्या अगदी शेवटी किंवा त्याच्याही पुढे ठरतील, एकच पिशवी नावापुरती राहील आणि आत शेतीचा कप्पा शिवून देतील, वरच्या मर्यादेला इतके अपवाद की ती कोणाला लागणारच नाही, आणि नवे नियम जमिनीवर २०२९ ला. मागच्या वेळी २०२१ ची कॅप १ जानेवारी २०२३ ला लागू झाली, मधली दोन वर्षं जुनीच ओढली, तेव्हा मी काही फार हिमतीची पैज लावत नाहीये. ऑफिसमध्ये एकाने २०२८ वर लावलीय, हरणारा इंदूरच्या छप्पन दुकानला सगळ्यांना जॉनी हॉट डॉग खिलवणार. दादा म्हणतो, त्याला पहिले आपलं भावांतरचं पेमेंट कधी येतं ते विचार.