सुई त्याची, टाका माझा

सोमवार

सुईत दोरा ओवायचं काम आता कायमचं थोरल्या नातवाकडे गेलं. तो सुई पार नाकाजवळ नेतो, जीभ जरा बाहेर काढतो आणि पहिल्याच फटक्यात दोरा पार. नऊ वर्षांच्या मुलाला डोळ्यापासून सात-आठ सेंटिमीटरवरचंही स्वच्छ दिसतं. माझ्या वयाला डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचं सगळं धूसर. चष्मा लावूनही माझा दोरा सुईच्या अलीकडून नाहीतर पलीकडूनच जातो. पण टाका किती ओढायचा, म्हणजे कापडाला चुण्या पडणार नाहीत, ते माझ्या बोटांना ठाऊक आहे आणि त्याच्या नाही.

तर आज मोज्याचा साप केला. जोडीदार हरवलेला एक लांब मोजा, आत जुन्या कपड्यांच्या चिंध्या ठासून भरल्या, तोंडाशी लाल कापडाची दुभंगलेली जीभ ठेवून धावदोऱ्याने शिवून टाकलं. दोरा त्याने ओवायचा, शेवटची गाठ मी मारायची, मधले टाके आळीपाळीने. त्याचे टाके ढांगा टाकत गेलेत, माझे बारीक. कुठला कुणाचा ते लांबूनही कळतं, आणि ते मला फार आवडलंय. डोळ्यांना बटणं लावू या असा त्याचा हट्ट होता. नाही म्हटलं. धाकटा अजून अडीच वर्षांचा आहे, जे दिसेल ते तोंडात घालतो. तो मोठा झाला की बटणं लाव म्हटलं. डोळे दोऱ्याने भरले.

नातवंडांबरोबर काय करावं असं मैत्रिणी विचारतात, तेव्हा मी एवढंच सांगते, की ज्यात दोघांचंही एकमेकांवाचून अडतं ते करा. आजी करतेय आणि मूल बघतंय, यात मूल पाच मिनिटांत पळतं. मूल करतंय आणि आजी नुसती ‘वा वा’ म्हणतेय, त्यात आजीला डुलकी लागते.

मंगळवार

कुणीतरी भेट म्हणून हस्तकलेचा तयार खोका पाठवला. सगळं आधीच कापलेलं, मागे चिकटपट्टी, वर क्रमांक. एकवर एक, दोनवर दोन चिकटवा की झालं घुबड. खोक्यावरच्या चित्रासारखंच झालं. पुन्हा कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. खोका मात्र भक्कम पुठ्ठ्याचा आहे, तो ठेवून घेतला.

बुधवार

नात सहा वर्षांची आणि डावखुरी. कात्री धरली की कागद कापला जायच्या ऐवजी दोन पात्यांमध्ये दुमडून बसतो. मग ती चिडते, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘हिला धीरच नाही.’ धीराचा काय संबंध? नेहमीची कात्री उजव्या हातासाठी बेतलेली असते. उजव्या हाताच्या बोटांचा जोर पाती एकमेकांवर दाबतो, डाव्या हाताचा तोच जोर त्यांना फाकवतो. शिवाय वरचं पातं नेमकं आखलेल्या रेघेवर आडवं येतं, म्हणजे कुठे कापतोय तेही दिसत नाही. डावखुऱ्यांची कात्री वेगळी मिळते. तिच्यात नुसता मुठीचा आकार बदललेला नसतो, पातीच उलटी बसवलेली असतात.

ती येईपर्यंत कात्रीच नको म्हटलं, आज फाडू या. वर्तमानपत्र दिलं. तिने वरून खाली फाडलं तर सर्रकन सरळ पट्टी निघाली. आडवं फाडलं तर वेडंवाकडं, वाटेल तिकडे पळालं. पुन्हा करून पाहिलं, तेच. ‘आजी, याला एकच बाजू आवडते!’ खरंच आहे. यंत्रावर कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतेक एका दिशेला झोपतात. त्यांच्या बाजूने फाडलं की वाट सरळ, आडवं गेलं की तंतू अडवतात. लाकडाची ढलपी निघते तसंच. घडी घालतानाही हेच. तंतूंच्या दिशेने घडी कुरकुर न करता बसते.

मग त्या पट्ट्यांचा वाडगा करायला घेतला. खळ मी शिजवली: वाटीभर मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवला, चार वाट्या उकळत्या पाण्यात सोडला, घट्ट होईस्तोवर ढवळला, गार केला. उपड्या वाडग्यावर आधी प्लॅस्टिकचा पातळ कागद, म्हणजे नंतर सुटून येतो. त्यावर खळीत बुडवलेल्या पट्ट्या. इथे फाडलेली पट्टी कापलेलीपेक्षा चांगली बसते, कारण तिची कड विसविशीत असते, शेजारणीत मिसळून जाते. म्हणजे आज कात्री नव्हती ते बरंच झालं. कोपरापर्यंत खळ, केसांत खळ. दोन थर दिले आणि थांबलो. एकदम जाड थर दिला तर वरून सुकलेला वाटतो, आत ओल राहून बुरशी धरते.

गुरुवार

सुकतंय. नात दर अर्ध्या तासाने बोट लावून बघते.

तोवर रंगीत कागदाच्या पट्ट्यांची चटई विणली, एक वर एक खाली. जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेलने 1837 मध्ये लहान मुलांसाठी शाळा काढली आणि 1840 मध्ये तिला किंडरगार्टन नाव दिलं. कागदाच्या घड्या आणि हे विणकाम त्याने मुलांच्या रोजच्या उद्योगांतच घातलं होतं. पावणेदोनशेहून जास्त वर्षांनंतरही मुलं तिसऱ्या ओळीला ‘आता वर की खाली?’ असं विचारतात. आधीच्या ओळीकडे बघ, एवढंच सांगायचं.

शुक्रवार

थोरल्याला आता ‘हे बाळांचं’ वाटायला लागलंय. त्याच्यासाठी ह्यांनी एक युक्ती काढली. कागदाची लांब पट्टी घेतली, एका टोकाला अर्धा पीळ दिला आणि दोन्ही टोकं चिकटवली. ‘पेन्सिल न उचलता मधोमध रेघ ओढत जा.’ गेला, गेला, आणि सुरुवातीच्या ठिकाणीच परत आला, रेघ दोन्हीकडे! ‘मी उलटी केलीच नाही पट्टी.’ ‘नाहीच केलीस. हिला एकच बाजू आहे.’

मग त्याच रेघेवरून कापायला सांगितलं. दोन कडी होतील यावर त्याने पैज लावली. झालं एकच, दुप्पट लांब आणि जास्त पिळलेलं. मी पोळपाट सोडून बघायला आले. दुसरी पट्टी मधोमध न कापता कडेपासून एक तृतीयांशावर कापली, तर दोन कडी निघाली, एक मोठं, एक लहान, आणि एकमेकांत अडकलेली. मोबियस आणि लिस्टिंग या दोन जर्मन गणितज्ञांनी 1858 मध्ये ही पट्टी स्वतंत्रपणे शोधली, हे ह्यांनी सांगितलं. पण तेव्हा ऐकतोय कोण? पोरगा पूर्ण पीळ दिलेली पट्टी कापत होता. तिचीही दोन कडी निघाली, एकमेकांत गुंतलेली. रात्री जेवायला बोलावलं तर म्हणाला, ‘दीड पीळ राहिलाय.’

शनिवार

मिठाची कणीक. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, साधारण वाटीभर पाणी, तेही हळूहळू. मळणं माझ्या अंगठ्याच्या सांध्याला झेपत नाही, म्हणून ते मुलांकडे. कणीक पुरे मऊ झाली का ते दाबून सांगणं माझ्याकडे. झाडाचं पान शिरांची बाजू खाली करून दाबलं की ठसा असा उठतो की शीर न् शीर मोजावी. भट्टीत शंभर अंशांच्या आसपास दोन-तीन तास ठेवलं. धाकट्याला लांब ठेवावं लागतं. इतकं मीठ लहान मुलाच्या पोटात जाणं धोक्याचं, आणि त्याला ती खाऊच वाटते.

रविवार

मुलगा-सून न्यायला आले. वाडगा एका बाजूला कलंडलेला, एका जागी फुगा आलेला. मुलगा मला हळूच म्हणाला, ‘आई, जरा सारखा करून द्यायचास ना, तुझा हात चांगला आहे.’ मुलं झोपल्यावर आजीने काम ‘सारखं’ करून ठेवणं मला पटत नाही. सकाळी मुलाला लगेच कळतं, आणि पुढच्या वेळी ते आधीच म्हणतं, तूच कर. फुगा आलेल्या जागी नातीने स्वतःच मोठा निळा डोळा रंगवला होता. मी मुलाला तेवढा दाखवला.

डावखुरी कात्री अजून यायची आहे. ह्यांना सांगून ठेवलंय, मागवू नका, तिलाच दुकानात बरोबर न्या, तिच्या हातात देऊन कागद कापून बघितल्याशिवाय घेऊ नका, आणि बोथट टोकाचीच घ्या.